कुंडीखालची ताटली

आमच्या स्वयंपाकघरात किड्यांना नावं पूर्वीपासून होती. तांदळात होतात ते सोंडे, पिठात होतात ते पोरकिडे, मुगाला गोल भोक पाडून बाहेर येतो तो भुंगा, आणि रव्याला लागते ती जाळी. सोंडे हे नाव ज्या कुणी बाईनं ठेवलं असेल तिची नजर काय असेल बघा! मोबाईलच्या लेन्समधून मी तो किडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा खरंच त्याच्या तोंडापुढे हत्तीसारखी सोंड होती. भिंगाशिवाय, नुसत्या सुपातून हे जिला दिसलं तिला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

माझ्या सासूबाई, म्हणजे आक्का, धान्य निवडायला बसल्या की शेजारी एक वाटी ठेवत. निघालेले किडे चार दाण्यांसकट त्या वाटीत, आणि वाटी परड्यात सावलीला. उन्हात टाकायचे नाहीत, मोरीत तर नाहीच. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हीच पद्धत. त्यामुळे साठीला आल्यावर मी किड्यांचे फोटो काढायला लागले तेव्हा घरचे हसले, पण मला त्यात नवीन काही वाटलं नाही. चाळीस वर्षं निवडतच होते की! लेन्स तेवढी नवी.

लेन्स मुलानं आणून दिली. मोबाईलला चिमट्यासारखी लावायची, काही शे रुपयांची. तो म्हणाला, "आई, फुलांचे फोटो काढ." मी पहिला फोटो काढला तो भिंतीवरच्या राखाडी कणाचा. तुमच्याही घरात असणार तो. बाथरूमच्या दाराशी, कपाटामागे, कोपऱ्यात. काकडीच्या बीएवढा, चपटा, दोन्हीकडे निमुळता. आपण तो पोपडा समजून केरात काढतो. मी लेन्स लावली आणि तो पोपडा चालायला लागला! एका टोकातून तपकिरी डोकं आणि सहा पाय बाहेर आले, थोडं ओढून पुढे गेले, मी हात हलवताच आत गेले आणि जरा वेळानं दुसऱ्या टोकातून बाहेर आले. आत एका पतंगाची अळी राहते. लोकरीला कसर लावणारे जे पतंग, त्यांच्याच कुळातली. धूळ, वाळूचे कण, धागे रेशमानं चिकटवून ती ते घर विणते आणि दोन्हीकडे दार ठेवते. खाते काय, तर जुनी कोळिष्टकं, गळलेले केस, लोकर. म्हणजे आपला केरच.

त्या दिवशी मी केरसुणी घेऊन बराच वेळ उभी राहिले. किती वर्षं झाडले असतील मी हे!

पण त्याहून मोठी गोष्ट आठवली. मुलाच्या लग्नाआधी आम्ही घर रंगवलं, तेव्हा औषध मारणारी माणसं बोलावली होती. शहापुरातलं आमचं घर जुनं, कौलारू, तुळयांना भेगा. पाहुणे येणार, झुरळं दिसली तर कसं दिसेल, असा माझाच हट्ट. आक्का काही बोलल्या नाहीत. औषध मारलं आणि आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. झुरळं तर होतीच, पण कोळी, मुंगळे, पाली, एक कुंभारीण माशी, आणि दिव्यावर येतात ते हिरवे नाजूक किडे, सगळे सोप्यात उताणे पडलेले. काहींचे पाय अजून हलत होते. आक्कांनी कापडानं हळूहळू सगळं गोळा केलं. मी म्हटलं, "आक्का, मी करते." त्या म्हणाल्या, "नको, तू बघ तुझं काम." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला एक शब्द बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर असं. फोटो काढायला लागले त्यात हेही कुठेतरी होतंच.

आता जरा शिकलेलं सांगते, कारण बऱ्याच मैत्रिणी विचारतात. सकाळी लवकर उठून बघावं. गार हवेत किड्यांचं अंग आखडलेलं असतं, उडत नाहीत, पंखांवर दव असतं. ऊन चढलं की तुम्ही नुसत्या धावत राहता. फोटो एक काढू नये; वरून, बाजूनं आणि समोरून तोंडाचा, असे तीन तरी हवेत. आकार कळायला मी जवळ तांदळाचा दाणा ठेवते. कुठल्या झाडावर होता ते लिहून ठेवते, कारण कितीतरी अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात. आणि पाय मोजायचे. सहा असले तर कीटक, आठ असले तर कोळ्याचा भाऊबंद. मृगाच्या पहिल्या पावसात लाल मखमलीचे ठिपके मातीवर चालतात ना, त्या मृगाच्या किड्याला आठ पाय असतात! लहानपणी आम्ही तो काडेपेटीत ठेवायचो आणि त्याला किडा म्हणायचो, तो खरा कोळ्याच्या नात्यातला. काही फोटोग्राफर किडा हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवतात असं कळलं. मी ते ऐकून फ्रीजकडेच बघत बसले.

कोळी मला फार आवडायला लागले. आधी किळस होती, खोटं कशाला सांगू. पण उड्या मारणारा छोटा कोळी एकदा लेन्समधून समोरून बघा. आठ डोळे, त्यातले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे. तुम्ही बाजूला सरकलात की तोही वळून तुमच्याकडे बघतो. आंब्याच्या खोडावर एक सालीच्या रंगाचा कोळी असतो, मागे दोन लांब शेपट्या. माझ्या हाताशेजारी होता तरी मला दिसला नव्हता. त्या शेपट्या म्हणजे त्याची धागा सोडायची साधनं. भक्ष्याभोवती गरगर फिरून तो त्याला धाग्यानं बांधून टाकतो. न्हाणीच्या कोपऱ्यात काडीसारख्या पायांचा जो कोळी उलटा लोंबत असतो, त्याची मादी अंड्यांचा गोळा तोंडात धरून बसते. पिल्लं निघेपर्यंत तो खाली ठेवत नाही. तिचा फोटो मी सुनेला दाखवला तेव्हा तिचे दिवस भरत आले होते. ती म्हणाली, "आई, ही काही खात नसेल?" मी म्हटलं, "तोंडच भरलेलं, खाणार कशी?" तेव्हापासून त्या कोपऱ्याला सुनेनं झाडू लावू दिला नाही.

कोळ्याचं नाव लावणं मात्र कठीण. मोबाईलमधलं ॲप पटकन नाव सांगतं आणि तितक्याच पटकन चुकतं. एका जाणकार प्राध्यापकांना मी फोटो पाठवत असे. ते एकदा म्हणाले, "काकू, ह्याच्यापुढे फोटोवरून सांगता येत नाही. कितीतरी कोळ्यांची नेमकी जात ठरवायला त्यांचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात." म्हणजे बहुतेक वेळा तो मेलेला हवा. मी म्हटलं, "मग राहू दे." माझ्या वहीत बऱ्याच फोटोंखाली नुसतं कूळ लिहिलंय, पुढे मोकळी जागा.

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं, पण लिहिते. पाठशाळेत आपण सगळ्याच शिकलो: कृमी दोन इंद्रियांचा, मुंगी तीन, भुंगा चार. मुंगीला डोळे नाहीत असं मी पन्नास वर्षं धरून चालले होते. लेन्समधून मुंगळ्याच्या डोक्याचा फोटो काढला तर दोन्ही बाजूंना काळेभोर, जाळीदार डोळे. मी अस्वस्थ झाले. चातुर्मासात गावात आलेल्या माताजींना भीत भीत फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "फोटो काढून झाल्यावर कुठे सोडलंस हिला?" मी म्हटलं, "होती तिथंच, माताजी. उचललीच नव्हती." त्यांनी मान हलवली आणि मोबाईल परत दिला. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं नाही म्हणता येणार. पण फोटो मी वहीत लावून टाकला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

परड्यातला कढीपत्ता मी अळ्यांना सोडून दिलाय. पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी बारकी अळी मोठी झाली की हिरवी होते, डिवचलं तर डोक्यामागून दुफाटी लाल शिंग काढते आणि उग्र वास सोडते. तिचं बहुरूपी नावाचं फुलपाखरू होतं. त्याच्या माद्या वेगवेगळ्या रूपांच्या, काही तर पक्षी टाळतात अशा विषारी फुलपाखरांचं सोंग घेतलेल्या. फोडणीला कढीपत्ता मी बाजारातून आणते. ह्यावर घरचे हसतात, मीही हसते. जीव राखायचा म्हटलं की मला अशी सवय लागली, की काहीच हलवायचं नाही.

गेल्या पावसाळ्यात सोप्यातल्या मनीप्लांटच्या कुंडीखाली जी ताटली असते, तिच्यात पाणी साठलं होतं. त्यात अळ्या वळवळताना दिसल्या. शेपटी वर, डोकं खाली, जरा सावली पडली की वाकड्या होत खाली जाणाऱ्या. मी फोटो काढले. दोनतीन दिवसांनी पडद्यावर एक डास बसलेला मिळाला. काळा, पायांवर पांढरे पट्टे, आणि पाठीवर पांढरी, वीणेच्या आकाराची खूण. फोटो इतका स्वच्छ आला की काय सांगू! वीणा अगदी स्पष्ट. मी नाव शोधून काढलं, वहीत लिहिलं: एडिस इजिप्ती, मादी. दिवसा चावते. डेंगी पसरवते. हे सगळं मी माझ्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिलंय, तारखेसकट.

सून म्हणाली, "आई, ते ताटलीतलं पाणी टाकू का?"

मी म्हटलं, "राहू दे ग, जीव आहेत त्यात. उद्या बघू."

तो उद्या काही आला नाही. कामाच्या गडबडीत राहिलं म्हणावं, तर तेही खरं नाही. मी रोज ती ताटली बघत होते.

बाराव्या दिवशी नातीला ताप आला. आठ वर्षांची पोर, डोळ्यांमागं दुखतंय म्हणून रडायला लागली. मग रक्त तपासणी, मग दवाखाना. सात दिवस. रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा यायचा आणि आम्ही सगळे तो आकडा ऐकायला व्हरांड्यात उभे. आकडा खाली जात होता तेव्हा मुलानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि सुनेनं तर एक शब्द काढला नाही. ताटलीबद्दल एक अक्षर नाही. मला आक्का आठवल्या.

डॉक्टरांना मी विचारलं, आमच्याच घरातल्या डासामुळे झालं असेल का? ते म्हणाले, "कसं सांगणार काकू? शाळा आहे, गल्ली आहे, सगळीकडे साथ आहे." खरंच आहे ते. पण माझ्या वहीत नाव होतं ना.

तिसऱ्या दिवशी डबा घ्यायला घरी आले, तेव्हा आधी ती ताटली उचलली. पाण्यात अळ्या होत्याच. परड्यात जाऊन तापलेल्या फरशीवर पाणी ओतलं. फोटो काढला नाही. आत आले, हात धुतले, डबा भरला. रात्री आलोचना करताना कुठल्या चुकीची करायची ते कळेना. ओतलं त्याची, की आधी ओतलं नाही त्याची? दोन्हींची केली.

नंतर वाचलं की ह्या डासाची मादी पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. पाणी आटलं तरी ती महिनोन्महिने कोरडी टिकतात, पुन्हा पाणी आलं की फुटतात. नुसतं ओतून भागत नाही, कड घासायला लागते. मी नारळाच्या शेंडीनं सगळ्या ताटल्या घासल्या आणि त्यांत वाळू भरली. आता पाणी वर साठत नाही. कूलर, फ्रीजमागची तबकडी, गच्चीवरचा फुटका टब, सगळं कोरडं. दर शनिवारी घरभर फिरते. आक्का रोज सकाळी कोपरे झाडायच्या ते आठवतं. जाळी धरूच द्यायची नाही, म्हणजे मोडायची वेळ येत नाही, असं त्या म्हणायच्या. मला तेव्हा तो नुसता सोवळेपणा वाटायचा.

नात घरी आली. अशक्तपणा होता, केस गळत होते. सून तिला पुढ्यात घेऊन तेल लावत बसली होती आणि पोर माझी वही चाळत होती. कोळी, चतुर, बहुरूपी, भिंतीवरचा पोपडा. एका पानावर थांबली.

"आज्जी, हा कोण ग? ह्याच्या पाठीवर नक्षी आहे."

सुनेचा हात केसांत थांबला. मी नाव सांगितलं.

"छान दिसतो की," ती म्हणाली, आणि पान उलटलं.