एकच फोटो, चार प्रती

ब्राउझर मेमरी फार खातो ही तक्रार खरी आहे, पण तो ती उधळतो हे मला मान्य नाही. चार वेगळ्या साइट्सवर एकच फोटो असेल, तर क्रोममध्ये त्या साइट्स सहसा चार वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात आणि प्रत्येकीची मेमरी कॅशे स्वतंत्र असते. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो पूर्ण आकारात डिकोड केला, तर दर पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ मेगाबाइट होतात. चारही प्रोसेसमध्ये मिळून १९२. एकच प्रत ठेवून सगळ्यांना वाटावी, असं कुठल्याही प्रोग्रामरला वाटणारच. नेमक्या याच मोहाला मी विरोध करतो. सामाईक कॅशे जलद उत्तर देते तेव्हा ‘हे आधी कुणीतरी मागितलं होतं’ हेही सांगून टाकते. केवळ वेळ मोजून माणसाने आधी कुठली साइट पाहिली हे ओळखता येतं, हे संशोधक फेल्टन आणि श्नायडर यांनी २००० सालीच दाखवलं होतं. जानेवारी २०१८मध्ये प्रोसेसर चिपमधली ‘स्पेक्टर’ ही त्रुटी उघड झाली आणि एकाच प्रोसेसमधला शेजारही धोक्याचा ठरला. त्याच वर्षी क्रोम ६७ने डेस्कटॉपवर साइटगणिक प्रोसेस वेगळी केली. गूगलच्याच आकड्यांनुसार त्यापायी मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागली. पुढे २०२०मध्ये क्रोम ८६ने डिस्कवरच्या कॅशेचीही साइटनुसार वाटणी केली. सफारीने हे २०१३पासूनच केलं होतं. क्रोमच्या मोजणीत कॅशे चुकण्याचं प्रमाण सुमारे ३.६ टक्के वाढलं, पण पान दिसू लागायला जेमतेम ०.३ टक्के उशीर झाला. खासगीपणासाठी ही किंमत मला रास्त वाटते.

स्वस्त फोनवाल्याने ती का मोजावी, हा आक्षेप मात्र जड आहे. २०१९मध्ये अँड्रॉइडवर क्रोम ७७ने वेगळ्या प्रोसेसचं हे संरक्षण दिलं ते पासवर्ड टाकून वापरायच्या साइट्सना, आणि तेही किमान २ जीबी रॅमच्या फोनवर. म्हणजे ज्याचा फोन सर्वांत साधा, तोच उघड्यावर राहिला. हे मला सलतं. तरी त्यावरचा उपाय भिंती पाडणं हा नव्हे, वेळेवर टाकून देणं हा आहे. ब्राउझरचा स्वतःचा कोड सगळ्या प्रोसेसनी खुशाल वाटून घ्यावा, त्यात कुणाचं गुपित नसतं. डिकोड केलेले पिक्सेल मात्र टॅब मागे गेला की सोडून द्यावेत. मूळ फाइल हाताशी असते, ती पुन्हा उलगडता येते. उरलेलं काम साइट बनवणाऱ्यांचं. जिथे ८०० × ६०० पुरतं, तिथे ४००० पिक्सेलचा फोटो चढवू नका. तोच फोटो मग ४८ऐवजी २ मेगाबाइटहूनही कमी मेमरी घेतो.