लाल कांदा टिकत नाही

विद्यार्थ्यांच्या चर्चेसाठी समाजमाध्यम, ऑनलाइन अभ्यासक्रम आणि वर्ग यांपैकी श्रेष्ठ कोणते, या प्रश्नावर अध्यापकांचा कौल बहुधा वर्गाला मिळतो. नाशिक जिल्ह्यात अर्थशास्त्र शिकवणारे प्रस्तुत लेखकही त्याच मताचे होते; टाळेबंदीत तयार झालेला व्हॉट्सअ‍ॅप गट त्यांनी पुढे चालू ठेवला तो केवळ सूचनांपुरता.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्वयम्’ या शिक्षणमंचावरील अभ्यासक्रमात चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा असे चार भाग असतात. अशा पाठातून मागणी-पुरवठ्याचा नियम हवा तितक्या वेळा ऐकता येतो. मात्र ७ डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीची दखल आधीच चित्रमुद्रित झालेला पाठ घेऊ शकत नाही, हे उघड आहे.

ती दखल गटावर घेतली गेली. निर्यातबंदीने भाव पडले तर शेतकऱ्याने माल साठवावा, या अध्यापकांच्या विधानावर, वर्गात कधीही तोंड न उघडलेल्या एका विद्यार्थिनीने रात्री साडेअकराला लिहिले की चाळीत, म्हणजे खालून-बाजूने वारा खेळणाऱ्या साठवणघरात, टिकतो तो उन्हाळ कांदा. डिसेंबरातला लाल कांदा टिकत नाही, म्हणून मिळेल त्या भावाला विकावाच लागतो. पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलल्यावर विक्रीचा माल किती कमी-अधिक करता येतो याचे माप, पाठ्यपुस्तकापेक्षा या चार ओळींत अधिक स्पष्ट झाले होते.

दुसऱ्या दिवशी अध्यापकांनी तिला वर्गात उभे केले आणि तोच मुद्दा सर्वांना सांगण्यास फर्मावले. हेतू कौतुकाचा होता. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि ‘सर, चुकून लिहिलं’ एवढेच म्हटले. मागून ‘कांदेवाली’ असा शब्द आला, हशा पिकला, आणि हसणाऱ्यांना थांबवण्याऐवजी अध्यापकांनी तिचा मुद्दा स्वतःच्या शब्दांत सांगून टाकला, जणू तो त्यांचाच होता. संध्याकाळी गटावर तिच्या ओळींच्या जागी संदेश हटवल्याची नोंद तेवढी उरली.

यावरून गटच बरा म्हणावा, तर ‘कांदेवाली’ हा शब्द त्याच रात्री स्टिकर होऊन त्याच गटावर फिरला. गटावरचे मत वर्गात आणताना नाव वगळावे, असा सल्ला देता येतो. पण नाव वगळले की श्रेयही वगळले जाते, आणि ते तर आधीच घडले होते.

सत्राच्या परीक्षेत लवचिकतेच्या प्रश्नाला तिने पुस्तकातील व्याख्या जशीच्या तशी लिहिली. कांद्याचा उल्लेख नव्हता, आणि गुण पूर्ण द्यावे लागले.