आडनावावरून गाव? कोलकात्याच्या खिदिरपूरची गोष्ट

जोशी, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावं कामावरून आली. पुणेकर, सातारकर, नागपूरकर ही गावावरून. पण एखाद्याच्या आडनावावरून गावालाच नाव मिळालं, असं कधी ऐकलंय? कोलकात्यातल्या खिदिरपूरबद्दल अशीच गोष्ट सांगतात.

धर्मतल्याहून बस पकडा. मैदान आणि रेसकोर्स मागे पडले की थोड्याच वेळात खिदिरपूर येतं. फॅन्सी मार्केटमधली गर्दी, बिर्याणीचा घमघमाट, गोदीकडे निघालेले ट्रक आणि पलीकडे हुगळी नदी. इंग्रजीत या भागाला 'किडरपोर' म्हणतात आणि इथेच आपलं दुर्मीळ आडनाव भेटतं: किड.

जहाजं बांधणारे किड

जेम्स किड यांचा जन्म १७८६ चा. वडील अलेक्झांडर किड ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते, तर आई भारतीय. जेम्स पाच वर्षांचे असताना, १७९१ मध्ये, कंपनीने अशा मिश्र कुटुंबांतल्या मुलांसाठी मुलकी आणि लष्करी अधिकारपदांचे दरवाजे बंद केले. म्हणजे वडिलांचं आडनाव मिळालं, पण वडिलांसारखा हुद्दा मिळणार नव्हता!

जेम्स खचले नाहीत. ते जहाजबांधणी शिकले आणि खिदिरपूरच्या गोदीचे मालक झाले. ७४ तोफांची 'हेस्टिंग्ज' ही युद्धनौका त्यांच्याच गोदीत बांधली गेली आणि १८१९ मध्ये ती ब्रिटिश नौदलाने विकत घेतली. ज्या मुलाला अधिकारी होता येणार नव्हतं, त्याने बांधलेल्या जहाजावर पुढे ब्रिटिश अधिकारी उभे राहिले.

मग लोक म्हणू लागले, किड यांचं पूर म्हणून किडरपूर. ऐकायला छान वाटतं, नाही का?

पण थांबा

इथली पहिली गोदी कर्नल हेन्री वॉटसन यांनी १७८० च्या सुमारास सुरू केली. तेव्हा जेम्स जन्मलेही नव्हते. शिवाय बांगलादेशात नारायणगंजला नदीकाठी एक मुघलकालीन किल्ला आहे, त्याचं एक नाव खिज्रपूर. तिथे कोणी किड नव्हता.

मग हे 'खिदिर' कोण? ख्वाजा खिज्र, ज्यांना खिदिर असंही म्हणतात. अरबीत या नावाचा संबंध हिरव्या रंगाशी आहे. पाण्यावरून प्रवास करणाऱ्यांचे ते राखणदार, अशी श्रद्धा आहे. मुर्शिदाबादला भाद्र महिन्यात त्यांच्या नावाने नदीत दिवे लावलेले तराफे सोडतात. नदीकाठच्या गावाला त्यांचं नाव असणं जास्त पटतं. आपलं कोल्हापूर जिल्ह्यातलं कोपेश्वर मंदिराचं खिद्रापूरही कृष्णेच्या काठावरच आहे, हे वाचताना आठवलं असेलच!

एक आडनाव, किती रूपं!

किड आडनावाचा अर्थ काय? कोणी म्हणतं बकरीचं पिल्लू, तर कोणी म्हणतं ख्रिस्तोफर या नावाचं लाडकं रूप. इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना मात्र आधी आठवतो 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' लिहिणारा नाटककार थॉमस किड. परीक्षेत त्याने मलाही छळलंय. आणि मराठीत लिहिताना वेलांटी सांभाळा बरं, नाहीतर त्याची 'कीड' होईल!

कोलकात्यात आणखी एक किड होऊन गेले, कर्नल रॉबर्ट किड. नदीपलीकडे शिबपूरला महाकाय वडासाठी प्रसिद्ध असलेलं वनस्पती उद्यान आहे, ते १७८७ मध्ये त्यांनी सुरू केलं. त्यांच्या सन्मानार्थ झाडांच्या एका प्रजातीला (जीनसला) 'किडिया' असं शास्त्रीय नाव मिळालं. त्यातलं एक झाड आपल्या सह्याद्रीतही आढळतं. मराठीत त्याला वारंग म्हणतात, आणि वारंग हे कोकणात आडनावही आहे!

शहरातल्या किड स्ट्रीटचं नाव मात्र बदललं. आता ती डॉक्टर मोहम्मद इशाक रोड आहे. पाटी बदलली तरी जुने लोक अजून किड स्ट्रीटच म्हणतात.

जाता जाता

खिदिरपूरला गेलात तर गोदीजवळ थोडा वेळ थांबा. गावाचं नाव बहुधा जेम्स यांच्यामुळे पडलेलं नाही. पण ज्याला जन्मावरून अडवलं गेलं, त्याच्या कामाची आठवण लोकांनी अख्ख्या गावाच्या नावात शोधली, हेही थोडं नाही. एक रुखरुख मात्र राहते. ही गोष्ट सांगताना त्यांच्या आईचं नाव कोणीच घेत नाही. तिच्यामुळे त्यांची वाट अडली, पण आठवण राहिली ती वडिलांच्या आडनावाची.

आज घरी आजी-आजोबांना विचारा, आपलं आडनाव कुठून आलं? आणि लगेच दुसरा प्रश्नही विचारा: आजीचं माहेरचं आडनाव काय होतं? ते घरात किती जणांना ठाऊक आहे?