तसबिरीची पाठ पाहून घ्या

वाचकहो, बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, वांगी घेताना देठ पाहतो. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो मढवून घेताना मात्र समोरच्या सोनेरी पट्टीवर भुलतो. मीही भुलले होते. तुम्ही भुलू नये म्हणून ही हकिगत सांगते.

आमचं घर वसईजवळच्या निर्मळ गावात. इथे तळं आहे, शंकराचार्यांचं समाधिमंदिर आहे, होली क्रॉस चर्च आहे. कोणाच्या ओटीवर विठोबाची तसबीर, कोणाच्या ओटीवर येशूची. देवादिकांच्या तसबिरी आपल्या घरोघरी पोचल्या त्या छापखान्यांमुळे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली रंगीत लक्ष्मी-सरस्वती साध्या माणसांच्या भिंतींवरही आली. देवाची तसबीर खराब झाली तर दुसरी आणता येते. माणसाच्या फोटोचं तसं नाही.

माझ्या सासऱ्यांचा एकच फोटो होता. निर्मळच्या कार्तिकातल्या जत्रेत, रंगवलेल्या पडद्यापुढे उभं राहून काढलेला. पुढे वर्षभरातच ते गेले. आमचे 'हे' तेव्हा पाळण्यात होते. सासूबाईंनी तो फोटो लुगड्याच्या घडीत जपला. लग्न होऊन आल्यावर कितीतरी वर्षांनी मला वाटलं, तो भिंतीवर हवा. एकदा गाडी पकडायच्या घाईत स्टेशनाजवळच्या एका दुकानात दिला. तासाभरात चकचकीत फ्रेम हातात आली. मी खूश!

दोन पावसाळे गेले. एके दिवशी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, ह्यांच्या खांद्यावर काय गं पडलंय?" जवळ जाऊन पाहिलं तर खांद्यावर पिवळट डाग, आणि कोपऱ्यात फोटो काचेला चिकटून चकाकत होता. माझ्या पोटात धस्स झालं. त्यांच्या आयुष्यात नवऱ्याची तेवढी एक खूण, आणि ती माझ्या हातून बिघडली.

या वेळी मी लांब गेले नाही. आमच्या बाजाराच्या रस्त्यावर एक वयस्कर फ्रेमवाले बसतात, त्यांच्याकडे गेले. काच काढून फोटो ओढायला मीच निघाले होते. त्यांनी माझा हात धरला. "वहिनी, थांबा. ओढलात तर चेहरा काचेवर राहील."

मग त्यांनी समजावलं. जुन्या फोटोच्या कागदावर सरसासारखा एक थर असतो, चित्र त्या थरात असतं. पावसाळी दमटपणाने तो फुगतो, मऊ होतो आणि काच टेकलेली असली की तिला धरून बसतो. आमचा गाव समुद्राजवळचा, चार महिने भिंतीला ओल. फोटो आणि काच यांमध्ये जागाच नव्हती. फ्रेम उलटी केली तर आणखी कळलं. फोटो पुठ्ठ्यावर सगळीकडून डिंकाने चिकटवला होता, मागे जाड हलका पुठ्ठा, खिळे गंजलेले, कडा उघड्या. त्या फटीतून कसर आत शिरली होती.

त्यांनी आधी काचेवरूनच मोबाइलने फोटोचा स्वच्छ फोटो काढायला लावला. त्यावरून नवी प्रत केली आणि ती मढवली. मूळ फोटो काचेसकट तसाच गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवायला सांगितला. जाणत्या माणसाकडून पुढे कधी सुटा करता आला तर पाहू.

तर वाचकहो, फ्रेमवाला निवडताना काय पाहायचं ते आता मला कळलं आहे. चांगला फ्रेमवाला आधी पट्ट्या दाखवत नाही, आधी विचारतो: फोटो मूळ आहे की प्रत? कोणत्या भिंतीला लावणार? त्या भिंतीला ओल येते का, ऊन लागतं का? हे न विचारता जो नुसता फुटाचा भाव सांगतो, त्याच्याकडे मूळ फोटो ठेवू नका.

तुम्हीही त्याला तीन गोष्टी विचारा. फोटो आणि काच यांमध्ये माउंट किंवा बारीक पट्टी घालून जागा ठेवणार का? फोटो डिंकाने न चिकटवता कागदी कोपऱ्यांत बसवणार का? आणि मागची बाजू कागदी पट्टीने बंद करणार का? फोटो कापून फ्रेमीत बसवू देऊ नका. कडेला, पाठीवर काही लिहिलेलं असतं, तेही घरचंच धन.

तयार फ्रेम हाती आली की एक सुतळी घ्या. घराचा पाया आखताना जसे कर्ण मोजतो तसे समोरासमोरचे कोपरे मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट गुण्यात आहे. कोपऱ्यात नख शिरू नये. मग फ्रेम उलटी करा आणि पाठ पाहा. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घ्या, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांमधून वारा खेळतो. पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर टांगू नका. देवघरातल्या दिव्याच्या वरही नको, काजळी धरते. पुसताना पाणी काचेवर उडवू नका, फडकं ओलं करून पिळून पुसा.

दुकान जवळचं असावं, हे मी मुद्दाम सांगते. फ्रेम एकदा करून संपत नाही. पावसाळ्यानंतर काही वाटलं तर हातात धरून नेता आली पाहिजे. शिवाय रोज रस्त्यात भेटणारा माणूस काम हलकं करताना दोनदा विचार करतो.

नवी प्रत भिंतीवर लागली तेव्हा सासूबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "डाग काही गेला नाही गं. पण चेहरा आहे." मी काही बोलले नाही.

यंदा मृगाच्या आधी, घर शाकारायची, लाकूडफाटा आत घ्यायची गडबड सुरू होईल, तेव्हा एक काम करा. भिंतीवरची जुनी तसबीर उतरवा, उलटी करा, आणि पाठ पाहा.