दोष एन्कोडरचाच कशावरून?

सीएनसीच्या पडद्यावर एक्स अक्षाचा फीडबॅक अलार्म आला की पहिला संशय एन्कोडरवर जातो. हा संशय बहुधा घाईचा असतो. सिग्नल कंट्रोलरपर्यंत नीट पोचला नाही, एवढंच अलार्म सांगतो. वाटेत कूलंटने ओला झालेला कनेक्टर असतो, केबल-चेनमध्ये सतत वाकणारी केबल असते. टेबल ठरावीक जागी आल्यावरच अलार्म येत असेल, तर केबल आधी बघावी. मशीन बंद ठेवण्यापेक्षा एन्कोडर बदलणं स्वस्त, असं कुणी म्हणेल. पण मग होम पोझिशन पुन्हा जुळवा, आणि केबलच तुटकी असेल तर अलार्म परत हजर! त्यापेक्षा मोटरी सारख्या असतील तर वीज बंद करून ड्राइव्हकडे एक्स-वायच्या केबली अदलाबदल कराव्यात. मोटरची आणि फीडबॅकची जोडीनेच, नाहीतर अक्ष उधळतो. अलार्म वायवर सरकला तर दोष केबल-एन्कोडरच्या बाजूला, एक्सवरच राहिला तर ड्राइव्हकडे.