निनावी तापाची वही

ग्वाल्हेरच्या पडाव भागात राहणाऱ्याला थांबण्याची आणि निघण्याची दोन्हींची सवय असते. स्टेशन हाकेच्या अंतरावर. दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांच्या घोषणा रात्री उशिरापर्यंत गच्चीवर ऐकू येतात. पलीकडे फूलबाग, राणी लक्ष्मीबाईंची समाधी. १८१०मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या तळाचंच पुढे लष्कर नावाचं शहर झालं. इथल्या मराठी घरांची मुळं त्या राहुट्यांपाशी जातात. त्या तळावर माणसांच्या जोडीनं घोडे होते, बैल होते, हत्ती होते. मुक्या जिवांची दुखणी ओळखणं ही तेव्हा रोजची गरज होती.

आमचा गबरू असाच स्टेशनच्या बाजूनं आला आणि दारातच राहिला. गावठी, तांबूस, एक कान दुमडलेला. वय जेमतेम वर्षाचं. सगळ्या लसी वेळेवर झालेल्या. पोळी भाजल्याचा वास आला की ओट्याखाली हजर. जिना उतरायचा म्हणजे शेवटच्या चार पायऱ्या उडी मारूनच. भादव्यातल्या एका सकाळी पोळीचा तुकडा त्याच्यासमोर पडून राहिला. तो उभा होता, पण मान खाली घालता येत नव्हती. मागचे पाय थरथरत होते. हात लावला तर अंग तापलेलं. आदल्या संध्याकाळी याच कुत्र्यानं गल्लीतल्या पोरांना दमवलं होतं.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या दुखण्याला मन थोडं तरी तयार असतं. कोवळ्या वयातलं दुखणं मात्र मनाला पटतच नाही. मग घर कारण शोधायला लागतं. काय खाल्लं? कुणी काय घातलं? गटाराचं पाणी प्यायला का? गच्चीवरून पडला का? शेजारच्या चाची म्हणाल्या, ‘‘नज़र लग गई है बच्चे को.’’ आत्यानं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. मला त्यात अडाणीपणा दिसला नाही. तिचे थरथरते हात त्याच्या डोक्यावरून फिरत होते आणि तो डोळे मिटून स्वस्थ पडला होता. प्रत्येकाला काहीतरी करायचं होतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, एक्स-रे काढले. ताप १०४च्या वर; निरोगी कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. प्लेटलेट्स कमी होत्या. गोचीडतापाची चाचणी मात्र नकारात्मक आली. ‘‘यावर विसंबू नका,’’ ते म्हणाले. ही चाचणी शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधते आणि ती तयार व्हायला आठवडा, कधी तीन आठवडेही लागतात. तोवर आजार असूनही दिसत नाही. शिवाय कोवळ्या कुत्र्यांत मेंदूच्या आवरणाला सूज येऊनही अशीच मान आखडते. पण ते ठरवायला मणक्यातलं पाणी काढावं लागतं. त्यासाठी मथुरा गाठायचं, नाहीतर बरेलीजवळच्या इज्जतनगरची पशुवैद्यक संस्था. मान न हलवणाऱ्या जिवाला एवढ्या लांब न्यायचं कसं? डॉक्टरांनी संशयावरच डॉक्सिसायक्लिन सुरू केलं, शिरेतून सलाइन दिलं आणि म्हणाले, ‘‘घरी बघत राहा. जे दिसेल ते लिहून ठेवा.’’

त्या वाक्यानं मला धीर दिला. एक जुनी वही घेतली. गबरूला कुठे दुखतं ते सांगता येत नव्हतं, पण त्याचं सगळं अंग सांगत होतं. वरचा ओठ अलगद उचलायचा आणि हिरड्या बघायच्या: गुलाबी की फिकट. बोटानं दाबायचं, पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती सावकाश बसली तर अंगात पाणी कमी. झोपेतले श्वास मोजायचे. मिनिटाला तीसच्या आत असले तर बरं. पाणी किती, लघवीचा रंग कसा, ओकारी कधी, मान किती वळली. मी वेळ घालून लिहीत गेले. लिहिताना घाबरायला सवड नव्हती. रात्रीच्या गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि माझं लक्ष फक्त एका बरगडीच्या वरखाली होण्यावर होतं.

वाट बघत असताना मी या आजारांबद्दल वाचत गेले आणि एक गोष्ट मनात पक्की झाली. आज ज्या आजारांना नावं आहेत, ते सगळे कधीतरी कुणाच्या तरी अंगणात निनावीच होते. १९७८च्या सुमाराला जगभर पिल्लं रक्ताची हगवण लागून पटापट मरू लागली; तो पार्व्हो विषाणू आहे हे मागाहून कळलं. नाव कळायच्या आधीही कुणीतरी त्या पिल्लांच्या तोंडात थेंब थेंब पाणी सोडतच होतं. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याची शेकडो कुत्री नाकातून रक्त येऊन गेली. त्यांचे सांभाळणारे जवान हतबल होऊन शेजारी बसत. तो गोचिडीतून येणारा एर्लिकिया होता. अल्जेरियात १९३५मध्येच त्याची नोंद झाली होती, तरीही त्या कुत्र्यांच्या दुखण्यात तो ओळखू यायला वेळ लागला. आणि आपल्याकडे १९१०मध्ये, मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पॅटन नावाच्या संशोधकाला तांबड्या पेशींत शिरलेला एक सूक्ष्म जीव दिसला. तोच बबेसिया गिब्सोनी. आज देशभरातले पशुवैद्य त्याच्याशी झगडतात. हे ज्ञान आकाशातून पडलं नाही. कुणीतरी आजारी कुत्र्यापाशी बसलं, बारकाईनं पाहिलं, पाहिलेलं टिपून ठेवलं. इज्जतनगरच्या ज्या संस्थेचं नाव डॉक्टरांनी घेतलं, तिची सुरुवातही १८८९मध्ये पुण्यात एका छोट्या प्रयोगशाळेपासूनच झाली होती.

मग मला ‘का?’ हा प्रश्न छळेनासा झाला. तो संपला नाही, पण त्याला त्याची जागा मिळाली. घराच्या जुन्या दगडी भिंतींच्या फटी आम्ही तपासल्या, कारण कुत्र्यांची तपकिरी गोचीड अशाच फटींत राहते आणि तिची मादी हजारांवर अंडी घालते. फटी बुजवल्या, अंथरुणं उन्हात टाकली. गोचिडीनंच हे केलं असं सिद्ध झालं नव्हतं. पण कारण सिद्ध होईपर्यंत हात बांधून बसायचं नसतं.

गबरू हळूहळू सावरला. आधी ताप उतरला, मग मान सैल झाली, मग एका संध्याकाळी तो ओट्याखाली येऊन बसला आणि आत्यानं पोळीचा पापुद्रा त्याच्यापुढे धरला. डॉक्टरांनी औषध लगेच थांबवू दिलं नाही. गोचीडतापाचा संशय असला तर डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं. शेवटच्या तपासणीत प्लेटलेट्स भरून आल्या होत्या. कागदावर आजाराच्या रकान्यात मात्र नाव आलं नाही, प्रश्नचिन्हच राहिलं. मला ते प्रश्नचिन्ह प्रामाणिक वाटतं. खोटं नाव लिहून आमचं समाधान करण्यापेक्षा त्या डॉक्टरांनी आम्हाला खरं न कळणं सोबत दिलं, आणि उपचारात काही उणं ठेवलं नाही.

परवा मागच्या गल्लीतलं एक पिल्लू अचानक पडलं. ते पाळणारी मुलगी रडत आली. आमच्या घरातली तापाची गोळी मागू लागली. मी तिला थांबवलं. माणसांची तापाची नि दुखण्याची औषधं कुत्र्याच्या जिवावर उठतात. हिरड्या कशा बघायच्या ते दाखवलं, एक कोरी वही हातात दिली आणि आम्ही दोघी पिल्लाला घेऊन डॉक्टरांकडे निघालो. रिक्षात ती श्वास मोजत होती आणि आकडे लिहीत होती. तिच्या पिल्लाला काय झालंय हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तेव्हा तिच्याकडे सांगायला पुष्कळ होतं.