चोर्ल्याच्या वाटेने जुन्या गोव्यास

जुन्या गोव्याची यात्रा पायीच करावी, असे आमचे मत होते व ते आम्ही आजवर चारचौघांत अनेकदा बोलूनही दाखविले आहे. तेव्हा २०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनास आम्ही बेळगावाहून मोटारीत बसून गेलो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. कारण आमचे वडील. १९६४ साली विसाव्या वर्षी ते गावच्या मंडळींबरोबर पायी गेले होते आणि चौथ्या दिवशी जुन्या गोव्यास पोहोचले होते. आता वय ऐंशी, गुडघे निकामी. अवशेष दर्शनासाठी खाली आणण्याचा सोहळा दहा वर्षांनी एकदा होतो. हा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा होता. "पुढच्या खेपेस आम्हांला दर्शन खालून नव्हे, वरूनच घ्यावे लागेल," असे वडील हसत म्हणाले, तेव्हा आमच्या मताची फारशी किंमत उरली नाही.

मोटार पुतण्याची. जुनीच घेतलेली, परंतु त्याच्या दृष्टीने नवी. निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सानंतर धर्मगुरूंनी तिला आशीर्वाद दिला. पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर फादरांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात राहिली. वाहनाच्या आशीर्वादाची जी जुनी लॅटिन प्रार्थना आहे, तिच्यात देवदूतांचे साहचर्य मागितले आहेच. पण त्याबरोबर 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातील इथिओपियाच्या अधिकाऱ्याचे स्मरण केले आहे. हा मनुष्य राणीच्या खजिन्याचा कारभारी. यरुशलेमेहून परतताना रथात बसून यशयाचे पुस्तक वाचीत होता. पवित्र आत्म्याच्या सांगण्यावरून फिलिप धावत त्या रथाजवळ गेला, आणि अधिकाऱ्याने त्याला वर चढून आपल्याशेजारी बसण्याची विनंती केली. पुढचा बाप्तिस्मा वाचकांना ठाऊक आहेच. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी रथ थांबला, म्हणून हे सारे घडले.

आमच्या लोकांत मात्र हा आशीर्वाद म्हणजे विम्याचा एक स्वस्त हप्ता, अशी समजूत दिसते. पाणी शिंपडले, समोर मातेची मूर्ती चिकटवली, आरशाला जपमाळ टांगली, की वेगाला मोकळीक! आरशाला टांगलेली माळ आम्हांला मुळीच पसंत नाही. ती डोळ्यांसमोर हेलकावे खाते आणि जपली मात्र जात नाही. आम्ही ती काढून वडिलांच्या हाती दिली. पुतण्या नाराज झाला. प्रवाशांचा संत क्रिस्तोफर याचेही पदक त्याने किल्लीला लावले होते. १९६९ साली रोमच्या सार्वत्रिक पंचांगातून या संताचा सण वगळण्यात आला, तरी संतांच्या यादीतून त्याचे नाव गेलेले नाही, एवढे सांगून आम्ही तो वाद मिटविला. पदक राहिले.

पहाटे पाचला निघालो. जांबोटी मागे पडली की झाडी दाट होते आणि काच खाली केल्यास ओल्या पाचोळ्याचा वास येतो. आम्ही काच खाली केली. पुतण्याने ती वर केली, कारण आत थंड हवेचे यंत्र चालू होते. नोव्हेंबरच्या पहाटे, जांबोटीच्या रानात, हवा थंड करण्याचे यंत्र! कणकुंबीस थोडे थांबलो. येथे मलप्रभा उगम पावते. पश्चिम समुद्र इतका जवळ असता ही नदी त्याला पाठ दाखवून पूर्वेस जाते व कृष्णेला मिळते. याच खानापूर तालुक्यातून निघणारी म्हादई मात्र पश्चिमेस वळून गोव्यात मांडवी होते आणि जुन्या गोव्याला वळसा घालून समुद्रास मिळते. पायी जाणाऱ्याला हे पाणी दिवसभर सोबत करते. मोटारीतून आम्हांला ते पाटीवर वाचावे लागले.

चहा घेताना वडिलांनी १९६४ ची हकीकत सांगितली. त्याच दिवसांत मुंबईला आंतरराष्ट्रीय पवित्र मिस्सा परिषद भरली होती आणि २ डिसेंबरला पोप सहावे पॉल विमानाने भारतात उतरले. तेथे त्यांच्यासाठी एक पांढरी लिंकन मोटार होती. अमेरिकन लोकांनी दिलेली. परत जाताना पोपसाहेबांनी ती मदर तेरेसा यांना देऊन टाकली. मदर तिच्यात बसून हिंडल्या नाहीत. त्यांनी सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरुग्णांच्या वसाहतीस लावला. "मोटारीचा इतका चांगला उपयोग दुसरा कोणी केला असेल, असे वाटत नाही," वडील म्हणाले. पुतण्याने आपल्या मोटारीकडे काळजीने पाहिले.

घाटमाथ्यावर, जिथून खाली सत्तरीचे रान पसरलेले दिसते, तेथे चार मोटारी दारे उघडी टाकून उभ्या होत्या आणि प्रत्येकीतून निराळे गाणे वाजत होते. हे रान म्हादई अभयारण्याचे आहे. १९९९ पासून त्याला संरक्षण आहे. तेथे पक्ष्यांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून माणसाने इतका खर्च का करावा, ते आम्हांला उमजले नाही. एक तरुण उंच काठीला मोबाइल लावून दरीकडे पाठ करून उभा होता. पुढे रेंज गेली आणि पुतण्याच्या हातातला नकाशा थिजला. रस्ता एकच असल्याने चुकण्याची भीती नव्हती, तरी तो वारंवार त्या काचेकडे पाहत राहिला. इतका वेळ आम्ही मनातल्या मनात मोटार आणि मोबाइल या दोघांवर एक चांगला खरमरीत लेख लिहीत होतो.

तो लेख पुढच्याच वळणावर बारगळला. उतारावर धुके होते. वळण घेताच एक म्हातारी एकटीच कठड्याला धरून उतरताना दिसली. डोक्यावर गाठोडे, चपला हातात. पुतण्याने लांबलचक भोंगा वाजविला. ती दचकून डोंगराच्या अंगाला चिकटली. "थांब," वडील म्हणाले. वळणावर थांबणे धोक्याचे आहे, असे पुतण्या म्हणाला आणि ते खोटे नव्हते. तिची माणसे मागेपुढे असतीलच, असे आम्ही म्हणालो. ते मात्र आम्ही मनचेच ठोकले होते. मागची अर्धी बैठक नातलगांसाठी नेलेल्या तांदळाच्या पोत्याने भरली होती, हेही आम्हांला त्याच क्षणी आठवले. यानंतर वडील काही बोलले नाहीत. जपमाळेचे मणी सरकणेही थांबले.

खाली केरीला झाडाखाली यात्रेकरूंचा एक घोळका न्याहारी करीत होता. खानापूरकडची मंडळी. अंगावर अंधारात चमकणाऱ्या पट्ट्यांची जाकिटे आणि बरोबर अंथरुणे, भांडी, पाणी वाहणारा टेम्पो. म्हणजे पायी जाणारेही मोटारीवाचून जात नाहीत! म्हातारीची चौकशी करताच एक पोरगा ताडकन उठला. ती त्याची आजी. ती टेम्पोत बसली आहे असे तो समजत होता. टेम्पोवाला समजत होता की ती नातवाबरोबर आहे. विचारावे तर घाटात कुणाच्याच मोबाइलला रेंज नाही. वडील काठी टेकीत मोटारीतून उतरले, एका दगडावर बसले आणि म्हणाले, "आम्ही येथे थांबतो. तुम्ही जाऊन तिला घेऊन या." पोते टेम्पोत टाकून नातवासह आम्ही उलट वर गेलो.

म्हातारी चार किलोमीटरांवर भेटली. नातवाला पाहून रडली, मग त्याच्यावर ओरडली. आम्ही मोटारीचे दार उघडून धरले. फिलिपाची गोष्ट आमच्या डोक्यात होती. आता हिला वर घ्यावयाचे, की झाले! परंतु ती बसेना. "नवस हाय माझा. पायानंच जायचं." नातवाने विनवले, आम्ही विनवले. गाठोडे तेवढे तिने मोटारीत ठेवू दिले, पाणी प्याली आणि पुतण्याला म्हणाली, "पोरा, एक कर. तुझी गाडी माझ्या मागनं हळूहळू आण, दिवं लावून. धुक्यात ट्रकवाल्यांना म्हातारी दिसत न्हाई."

मग आमची वरात निघाली. पुढे आजी आणि नातू, बाजूला आम्ही (आत बसवेना), आणि मागे लुकलुकते दिवे लावून आमचा पुतण्या, पहिल्या गिअरात, मुंगीच्या गतीने. मागून आलेले ट्रक भोंगे वाजवीत, मग बेताने बाजूने जात. चार किलोमीटरांना दीड तास लागला. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास आले ते जहाजाने, पण शहरात ते हातात घंटा घेऊन पायी फिरत व मुलांना धर्मशिक्षणास बोलावीत. १५५०-५१ च्या हिवाळ्यात जपानमधील यामागुचीहून क्योतोकडे जातानाही त्यांनी बर्फातून पायपीट केली. त्यांनाही कोणीतरी मागून दिवा दाखविला असेल काय, असे त्या धुक्यात आमच्या मनात आले. पुतण्याने एकदाही भोंगा वाजविला नाही. इंजिन तापले, असे मात्र त्याने तीनदा सांगितले.

व्हॅटिकनच्या एका परिषदेने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांची थट्टा केली होती आणि आम्हीही हसलो होतो. त्यांतील पहिली आज्ञा हत्या न करण्याची. पाचवी, मोटार हे सत्ता गाजविण्याचे साधन न करण्याची. नववी, रस्त्यावर जो दुबळा त्याला सांभाळण्याची. पुढे माशेल ओलांडून आम्ही बाणस्तारीच्या पुलावर आलो. येथे २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका भरधाव मोटारीने तिघांचे प्राण घेतले. पुतण्यालाही ते ठाऊक होते. पूल त्याने फार हळू ओलांडला.

जुन्या गोव्यात मोटार दूर उभी करून चालावे लागले. अवशेष त्या दिवसांत बासिलिकेतून से कॅथेड्रलमध्ये आणले होते. ती पेटी, रांग, ऊन, मुलांचे रडणे, सर्व ठरल्याप्रमाणे. वडिलांनी पेटीसमोर किती वेळ घेतला ते सांगता येत नाही; स्वयंसेवकाने दोनदा पुढे सरकण्यास सांगितले. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, की १९६४ साली येथे पोहोचलो तेव्हा पाय इतके सुजले होते की दर्शनाकडे लक्षच नव्हते.

परतताना साखळीच्या अलीकडे अंधार पडला. दिव्यांच्या झोतात दूरवर चमकत्या पट्ट्या दिसल्या आणि पुतण्याने न सांगता झोत खाली केला. वडाखाली तीच मंडळी मुक्कामाला होती. आजी पाय पसरून बसलेली, टाचांना हळद लावलेली. पाण्याच्या कॅनला टेकवून एक मोबाइल ठेवला होता आणि त्यात जुन्या गोव्याच्या त्या दिवशीच्या नोव्हेनाची मिस्सा चालू होती. तळहाताएवढ्या काचेभोवती वीस-बावीस माणसे गुडघ्यांवर होती. वडील उतरून त्यांच्यात जाऊन बसले. त्यांना गुडघ्यांवर होता येईना, तेव्हा आजीने आपले गाठोडे त्यांच्याकडे सरकवले. आम्ही मागे उभे राहिलो. आमच्या त्या न लिहिलेल्या लेखाची आठवण होऊन थोडे ओशाळलोही.

समर्पणाच्या सुमारास मोबाइलची वीज संपत आल्याची खूण दिसू लागली. नातवाने सगळ्यांकडे पाहिले. पुतण्या मोटारीकडे धावला, वायर घेऊन आला. ती आखूड पडली. मग त्याने दिवे विझवून, भोंगा न वाजविता, मोटारच हळूहळू वडाखाली आणली.